बारा वर्षांच्या मुलाने चूक स्वतः सांगितली, तरी स्पर्धेतून बाद. ज्युनिअर गोल्फमध्ये हे बरोबर आहे का?

रावपुऱ्याची आत्या

नमस्कार मंडळी. माझा भाचा बारा वर्षांचा आहे, गोल्फ खेळतो. आमच्या घरात या खेळाच्या वाटेला आधी कुणी गेलेलं नाही. आमच्याकडे क्रिकेट नाहीतर व्यायामशाळा, तेवढंच. त्यामुळे नियमांच्या बाबतीत आम्ही सगळे कोरेच.

मागच्या महिन्यात गुजरातबाहेर एका ज्युनिअर स्पर्धेला माझा भाऊ त्याला घेऊन गेला होता. दोन दिवसांची स्ट्रोक प्ले, म्हणजे सगळे फटके मोजायचे आणि ज्याचे कमी तो पुढे. पहिल्या दिवसाअखेर पोरगं आपल्या वयोगटात दुसरं होतं. रात्री हॉटेलवर बाबांना पूर्ण राउंड फटक्या-फटक्याने सांगत बसला (या मुलांना अठराच्या अठरा होल तोंडपाठ असतात) आणि सातव्या होलपाशी येऊन गप्प झाला. म्हणाला, "बाबा, इथे मी सहा मारले. कार्डावर पाच आहेत." भाऊ म्हणाला, झोप आता, सकाळी बघू. सकाळी भाऊ आंघोळ करून खाली येतो तर हा रेफ्रींकडे जाऊन सगळं सांगून आला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि स्पर्धेतून बाद केलं.

परत येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. भाऊ अजून धुमसतोय. "खरं बोलल्याची शिक्षा दिली माझ्या पोराला" हे एकच वाक्य. त्याला आयोजकांना तक्रारीचं पत्र लिहायचंय, आणि खेळ बंद करण्याचीही भाषा चालू आहे.

मला स्वतःला ही शिक्षा फार कडक वाटते. दोन फटके वाढवा, चार वाढवा, पण एवढ्याशा मुलाला सरळ घरी? पुढच्या वेळी तो सांगेल का? जाणकारांनी सांगावं, हे बरोबर झालं का, आणि भावाने पत्र लिहावं का.

दांडियाबाजार

बाकीचं जाणकार बोलतील. त्या मुलाला माझ्याकडून एक प्लेट शेव उसळ, तिखट तर्री मारून. कधीही घेऊन या.

फेअरवे

आत्याबाई, एक गोष्ट नक्की सांगा. सातव्या होलवर जो एक फटका कमी लिहिला गेला, तो पेनल्टीचा (नियमाप्रमाणे वाढवलेला) होता की खराखुरा मारलेला? म्हणजे चेंडू पाण्यात गेला, हलला, चुकीच्या जागी ड्रॉप केला, असं काही होतं का? सगळं याच्यावर अवलंबून आहे.

रावपुऱ्याची आत्या

विचारलं त्याला. पेनल्टी नव्हती. जवळचा पट (भोकाकडे चेंडू ढकलायचा हलका फटका) चुकला, मग टॅप करून आत टाकला. तो टॅप मोजला गेला नाही. त्याचा स्कोअर लिहिणारा मार्कर मुलगा त्याच वयाचा, तो तेव्हा आपल्या चेंडूच्या मागे उभा राहून लाइन बघत होता.

फेअरवे

मग निर्णय नियमाला धरून आहे. वाईट वाटतंय हे लिहिताना. माझी मुलगीही खेळते.

जुना बडोदेकर

नियमाला धरून आहे, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. आत्याबाईंनी विचारलंय बरोबर आहे का.

माझं मत स्पष्ट आहे. हे नियम मोठ्यांसाठी केलेले, तेही लाखो डॉलर पणाला लागतात त्या खेळाडूंसाठी. बारा वर्षांचं मूल उन्हात चार-पाच तास चालतं, स्वतःचा खेळ सांभाळतं, वर दुसऱ्या मुलाचा हिशोब ठेवतं. आणि शेवटी थकलेल्या हाताने सही करतं ती त्याच्यावर अशी बंधनकारक, की घराचं खरेदीखत करून दिल्यासारखी. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही कायद्यात इतर कुठे एवढी पक्की धरतात?

दुसरं म्हणजे खर्च. दुसऱ्या राज्यात जायचं तर रेल्वे, हॉटेल, प्रवेश फी, सरावाच्या राउंडचे पैसे. ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांना बाद होणं म्हणजे एक वाईट दिवस. बाकीच्यांसाठी वर्षातली एकच मोठी स्पर्धा गेली. कोर्सवर काम करणाऱ्यांची मुलंही या खेळात वर आली आहेत. गोल्फपटू एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर होते, आणि त्या मुलाने पुढे २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. अशा घरातल्या मुलाला एका टॅपपायी परत पाठवणं मला पटत नाही.

नियम वीस

मी काही वर्षं ज्युनिअर स्पर्धांमध्ये रेफ्री म्हणून उभा राहिलो आहे. आत्याबाईंच्या भाच्याच्या स्पर्धेला नव्हतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो. जरा लांबेल.

स्कोअरकार्डचं काम असं चालतं. सुरुवातीला खेळाडू कार्डांची अदलाबदल करतात. तुमचा स्कोअर दुसरा खेळाडू लिहितो, तो तुमचा मार्कर. राउंड संपल्यावर स्कोअरिंगच्या टेबलावर बसून दोघांनी होल-होल ताडून पाहायचं, मार्करने सही करायची, मग खेळाडूने करायची, आणि कार्ड स्पर्धेच्या समितीकडे द्यायचं. एकदा कार्ड दिलं की त्यात बदल नाही.

बेरजेची जबाबदारी खेळाडूची नाही, ती समितीची. बरेच पालक इथे गोंधळतात. मुलाची बेरीज चुकली म्हणून कुणी बाद होत नाही. खेळाडूची जबाबदारी फक्त प्रत्येक होलच्या आकड्याची. प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दिला असेल तर तो जास्तीचाच कायम राहतो. कमी दिला असेल तर खेळाडू बाद. हा नियम ३.३.

फेअरवेंनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. न कळलेली पेनल्टी लिहायची राहिली असती, तर आजच्या नियमात मुलगा बाद झालाच नसता. समितीने त्या होलमध्ये पेनल्टी मिळवली असती आणि तो दुसऱ्या दिवशी खेळला असता. पण मारलेला फटका हा नियम माहीत असण्या-नसण्याचा भाग नाही. तो मोजायचा असतो.

आता आत्याबाईंचा कळीचा मुद्दा, त्याने सांगितलं नसतं तर? इतर बहुतेक चुका स्पर्धेचा निकाल लागल्यानंतर उघडकीला आल्या तर त्यासाठी कुणाला बाद करता येत नाही. काही अपवाद आहेत, आणि मारलेल्या फटक्यांपेक्षा कमी स्कोअर देणं हा त्यातला एक. म्हणजे करंडक घरी नेल्यावर कळलं असतं तरी बाद व्हावं लागलं असतं. वर, चूक माहीत असून तो गप्प बसला असता तर त्याच्या नावापुढे जे लागलं असतं ते कुठल्याही करंडकाने पुसलं गेलं नसतं. मुलाने सकाळी जे केलं त्याने तो या सगळ्यातून सुटला. बाद झाला तो आदल्या दिवशीच्या कार्डामुळे. सकाळच्या बोलण्यामुळे नाही. भावाला हे जरूर सांगा.

रावपुऱ्याची आत्या

नियम वीस, खूप आभार. हा शेवटचा परिच्छेद मी भावाला जसाच्या तसा पाठवला आहे. अजून उत्तर नाही.

इंदूरचा जावई

बडोदेकरांनी हिशोबात फटका कमी दाखवला ही बातमी आम्हा इंदूरच्या होळकर संघवाल्यांना ऐतिहासिक आहे! १९४७ च्या रणजी फायनलमध्ये बडोद्यातच विजय हजारे आणि गुल महंमद यांनी आमच्याविरुद्ध ५७७ ची भागी केली होती, तेव्हा एकही धाव कमी लिहा म्हटलं असतं तर ऐकलं नसतं कुणी.

पोरगं गुणी आहे. शाबास त्याची.

दांडियाबाजार

हजारे २८८, गुल महंमद ३१९. इथल्या प्रत्येक घरात पाठ आहे. आणि तो विक्रम २००६ पर्यंत टिकला, संगकारा-जयवर्धने येईपर्यंत. तुम्ही इंदूरकर जावई म्हणून या, शेव उसळ तुम्हालाही.

न्यायमंदिरचा वकील

नियम वीस यांचं विवेचन उत्तम, पण माझा आक्षेप वेगळा आहे. शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी हे कुठल्याही न्यायव्यवस्थेचं मूळ. इथे हेतू शून्य, फायदा एका फटक्याचा, आणि शिक्षा सर्वोच्च.

आणि गोल्फचे नियम बदलत नाहीत असंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकन गोल्फपटू लेक्सी थॉम्प्सनचं प्रकरण घ्या. एएनए इन्स्पिरेशन ही मोठी स्पर्धा, ती आघाडीवर. शनिवारी ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) चेंडू उचलून ठेवताना जागा किंचित चुकली. टीव्ही बघणाऱ्या कुणीतरी ईमेल केला. रविवारी ऐन खेळात तिला सांगितलं की चार फटके वाढले: दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याचे, दोन चुकीच्या कार्डावर सही केल्याचे. शेवटी बरोबरी होऊन ती प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, हरली. जगभर आरडाओरडा झाला आणि २०१८ पासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं बंद झालं, कार्डाचे ते जादा दोन फटकेही गेले. त्याच्याआधी, २०१६ पूर्वी, अशा न कळलेल्या पेनल्टीसाठीसुद्धा सरळ बाद करत होते. म्हणजे व्यावसायिक खेळाडूंसाठी पायरी-पायरीने नियम सौम्य झाला. मग बारा वर्षांच्या मुलांच्या मोजणीच्या चुकीसाठी तो सौम्य का होऊ नये?

नियम वीस

वकीलसाहेब, सौम्य झाला तो कशासाठी हे बघा. रिप्लेमध्ये मोठं करून पाहिल्याशिवाय न दिसणारा चेंडू खेळाडूला दिसावा ही अपेक्षा अवाजवी होती, म्हणून. २०२३ च्या नियमांत सहीच्या बाबतीतही सवलत आली. सही राहून गेली तर बाद करण्याऐवजी दोन फटके द्यायचे, असा स्थानिक नियम समितीला लावता येतो. पण आपण किती फटके मारले हे आपल्याला माहीत असतं, ही अपेक्षा कुणी सोडलेली नाही. कारण ती सोडली तर उरतं काय? मैदानभर पसरलेल्या शंभर मुलांवर आम्ही मोजके रेफ्री. एका होलवर उभा असतो तेव्हा बाकीच्या सतरा होलवर कोण काय मारतंय मला दिसत नाही.

समजा "चुकून कमी लिहिलं तर दोन फटके" असा नियम केला. एक कमी लिहून पाहायचं, पकडलं तर दोन भरायचे, नाही पकडलं तर एक वाचला. बारा वर्षांचं मूल हा हिशोब करणार नाही. कडेला उभा असलेला बाप करेल.

मांजलपूरची आई

नियम वीस यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझी मुलगी दोन वर्षं स्पर्धा खेळली. एका स्पर्धेत तिच्या गटातल्या एका मुलीचे वडील दोरीच्या पलीकडून सतत चालत होते. कुठला क्लब (काठी) घ्यायचा हे टोपीला हात लावून, छातीला हात लावून सांगायचे. सल्ला घेतला तर दोन फटके, हे सगळ्यांना माहीत. ती बिचारी प्रत्येक शॉटआधी वडिलांकडे बघायची. आणि स्कोअर विचारला की आधी वडिलांकडे नजर, मग आकडा. माझ्या मुलीने मार्कर म्हणून एका होलवर "सात झाले" म्हटलं तर ते गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "सिक्स, बेटा, सिक्स." दहा-अकरा वर्षांच्या मुलीसमोर चाळिशीचा माणूस. तिने सहा लिहिलं.

घरी आल्यावर ती मला म्हणाली की सातच होते. मी रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी आम्ही समितीला सांगितलं, त्यांनी दोन्ही मुलींना होल-होल विचारलं आणि त्या मुलीला बाद केलं. तेव्हा जी रडत होती ती तीच मुलगी होती. बाप भांडत होता.

कडक नियम नको म्हणणाऱ्यांना मी विचारते, माझ्या मुलीने त्या माणसासमोर कशाच्या जोरावर उभं राहायचं? तिच्या हातात तेवढा एकच नियम होता. पण शिक्षा झाली ती मुलीला, हेही मी विसरलेली नाही.

जुना बडोदेकर

मांजलपूरताई, हे वाचून माझं मत हललं, खोटं कशाला बोलू. तरी बाद व्हायला हवा होता तो बाप.

फेअरवे

त्यासाठी नियम आहेत. गंभीर गैरवर्तनाबद्दल समिती खेळाडूला बाद करू शकते आणि पालकांना कोर्सबाहेर काढू शकते. पण आयोजक पालकांशी वाकड्यात शिरायला बिचकतात, मुलावर कारवाई करणं सोपं जातं. माझी खरी तक्रार ही आहे. कडकपणा वरपासून खालपर्यंत सारखा हवा.

पाणकोंबडी

गोल्फचं मला काही कळत नाही. माझी मुलगी जलतरणात आहे, बटरफ्लाय. तिथे वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. एका स्पर्धेत तिचा एक हात आधी लागला, पंचांनी हात वर केला, बाद. ती पहिली आली होती, वेळही तिची आजवरची उत्तम. खूप रडली. मी पंचांकडे गेले तर त्यांनी मला नियमाचं पान दाखवलं नाही, मुलीला जवळ बोलावलं आणि भिंतीशी हात कसा आला ते स्वतः करून दाखवलं. पाच मिनिटं दिली तिला. त्या पाच मिनिटांमुळे ती पुढच्या सोमवारी परत पाण्यात गेली.

आत्याबाईंच्या भाच्याला बाद केल्यावर कुणी बसून समजावलं का?

रावपुऱ्याची आत्या

पाठीवर हात ठेवला, "तू चांगलं केलंस" म्हणाले, आणि पुढच्या कामाला गेले. गर्दी होती म्हणे. स्कोअरिंगच्या टेबलाबद्दलही काल भाऊ बोलला. आदल्या संध्याकाळी तिथे एकच स्वयंसेवक होता, तीन गट एकदम आले. मुलांना "सह्या करा, पटापट, मागे रांग आहे" असं सांगितलं गेलं. होल-होल कुणी वाचून घेतलं नाही.

नियम वीस

हे आधी सांगायला हवं होतंत, आत्याबाई. हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

कार्ड ताडून पाहणं ही खेळाडूची जबाबदारी हे खरंच. पण ती पार पाडायला जागा आणि वेळ देणं हे समितीचं काम. आम्ही ज्युनिअर स्पर्धेत एक पद्धत ठेवायचो. मुलं टेबलावर बसली की आधी पाणी. मग स्वयंसेवक विचारतो, पहिला होल? खेळाडू आपला आकडा तोंडाने सांगतो, मार्कर कार्डावरचा वाचतो. जुळला की पुढे. अठरा होल, पाच-सात मिनिटं. सही सगळ्यात शेवटी. कार्ड हातातून घ्यायच्या आधी शेवटचा प्रश्न: "एखादा होल मनात खटकतोय का?" या एका प्रश्नावर कितीतरी मुलं थबकतात आणि बोटांवर मोजायला लागतात. कार्ड देण्याआधी आकडा बदलायला पूर्ण मोकळीक असते.

त्या संध्याकाळी कुणी हे केलं असतं तर सातवा होल तिथेच सापडला असता. ज्या मुलाला हॉटेलवर आठवलं त्याला टेबलावरही आठवलं असतं.

न्यायमंदिरचा वकील

आता मला जागा मिळाली. प्रक्रियाच पाळली गेली नसेल तर निर्णय रद्द का होऊ नये?

नियम वीस

नाही होणार. घाई झाली म्हणून चुकीचं कार्ड बरोबर ठरत नाही. १९६८ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत रोबेर्तो दे व्हिसेंझोने सतराव्या होलवर तीन मारले, मार्कर टॉमी ॲरनने चार लिहिले, आणि दे व्हिसेंझोने न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले. आकडा जास्त असल्याने तो बाद झाला नाही, पण ६६ च कायम राहिले आणि बॉब गोल्बीशी होणारा प्लेऑफ गेला. तो दे व्हिसेंझोचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. तिथेही गर्दी आणि गडबड होतीच, तरी आकडा बदलला नाही. २०२४ मध्ये जॉर्डन स्पीथ, तीन मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकलेला खेळाडू, चौथ्या होलवर चार मारून तीनच्या कार्डावर सही करून बसला आणि जेनेसिस स्पर्धेतून बाद झाला. त्याने जाहीरपणे जबाबदारी स्वतःवर घेतली.

निर्णय बदला असं पत्र लिहून उपयोग नाही. टेबल सुधारा असं पत्र लिहिलंत तर ते वाचलं जाईल, आणि पुढच्या वर्षीची मुलं यातून सुटतील.

दोरीपलीकडचा

कुस्तीत विनेशला १०० ग्रॅम जास्त वजनावर बाद केलं तेव्हा अख्खा देश रडला. नियम म्हणजे नियम म्हणणारे तेव्हा कुठे होते?

जुना बडोदेकर

विनेशचा विषय इथे उघडू नका, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि मूळ मुलगा बाजूला राहील. एवढंच म्हणतो की पॅरिसला तिच्यासोबत डॉक्टर, प्रशिक्षक, सगळा ताफा होता. इथे बारा वर्षांचा मुलगा एकटा होता.

इंदूरचा जावई

विनू मांकड आठवले. १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं, ते नियमातच होतं, आणि पुढची पंचाहत्तर वर्षं त्या माणसाचं नाव अखिलाडूपणाला चिकटवलं गेलं. २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने ते कलम 'अनफेअर प्ले'मधून काढून साध्या रनआउटमध्ये टाकलं. तिथे नियम पाळणाऱ्याला दोष लागला, इथे नियमाने बाद झालेल्या मुलाला लागू नये एवढंच वाटतं.

सुरसागर काठ

विषयांतर होतंय पण विचारते. आपल्याकडे लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर मोर फिरतात. मोराने चेंडू चोचीत धरला किंवा ढकलला तर काय?

फेअरवे

पेनल्टी नाही. चेंडू होता तिथे परत ठेवायचा, नक्की जागा माहीत नसेल तर अंदाजाने. आणि मोराला फटके लागत नाहीत!

मांजलपूरची आई

लहान मुलांसाठी एक सुचवते. १२ वर्षांखालच्या गटांत 'मॅक्झिमम स्कोअर' हा प्रकार ठेवायला हवा. २०१९ पासून नियमांत आहे. प्रत्येक होलला कमाल मर्यादा ठरवायची, समजा पारच्या (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांच्या) दुप्पट. मर्यादा गाठली की मूल चेंडू उचलतं आणि पुढे जातं. एका होलवर अकरा-बारा फटके मोजताना मुलांचा जो गोंधळ होतो तो टळतो, खेळही वेगाने होतो. नियम कडकच राहतो, मुलांचं मोजणं कमी होतं.

नियम वीस

शंभर टक्के सहमत. शिवाय सहा-सात वर्षांच्या गटांत मार्कर मोठा माणूस असावा, मूल नको.

फेअरवे

मला भाच्याबद्दल एक वाटतं. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सचा चेंडू गवतात किंचित हलला. कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक फटका लावून घेतला. शेवटी विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि ३६ होलच्या प्लेऑफमध्ये एका फटक्याने हरला. तो एक फटका नसता तर प्लेऑफची गरजच पडली नसती. यामुळे आजही गोल्फ खेळणारी मुलं त्याचं नाव ऐकतात. तुमच्या भाच्याला ही गोष्ट कुणीतरी सांगा, पण "बघ, प्रामाणिकपणाचं फळ" असं म्हणून नको. त्याला वाईट वाटू द्या. हातातली स्पर्धा गेली आहे त्याची.

पाणकोंबडी

हे फार बरोबर लिहिलंत. मुलांना लगेच शहाणं करायची आपल्याला घाई असते.

रावपुऱ्याची आत्या

मंडळी, काल रविवारी भाऊ आमच्याकडे जेवायला होता. धागा त्याने सगळा वाचला, मोबाइल हातात घेऊन, वरपासून खालपर्यंत. मांजलपूरताईंच्या प्रतिसादापाशी बराच वेळ थांबला. मग म्हणाला, मी "सकाळी बघू" म्हटलं तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मलाच माहीत. पुढे काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

माझं स्वतःचं मत आता सांगते. निर्णय बरोबर होता. पण त्या मुलाकडून मोठ्या माणसासारखी जबाबदारी मागायची आणि टेबलावर त्याला रांगेतला अडथळा समजून घाई करायची, हे मला अजिबात मान्य नाही. कडकपणा हवा असेल तर त्याच्या आधीची सगळी कामं तितक्याच कसोशीने व्हायला हवीत.

भाऊ पत्र लिहितोय. निर्णयाबद्दल त्यात एक अक्षर नाही. तीन मागण्या आहेत: स्कोअरिंगच्या टेबलावर दोन माणसं, होल-होल मोठ्याने वाचणं, आणि बाद झालेल्या मुलाशी कुणीतरी वेगळं बसून बोलणं. मसुदा वकीलसाहेबांनी एकदा नजरेखालून घातला तर बरं होईल.

खेळ बंद करण्याचा विषय भाच्यानेच निकालात काढला. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म त्याने आईकडून भरून घेतला आहे.

त्याचे दोन प्रश्न आहेत, नियम वीस यांच्यासाठी. एक, त्या मार्कर मुलालाही शिक्षा होते का? तो त्याचा मित्र झालाय आणि याला त्याची काळजी लागून राहिली आहे. दोन, टेबलावर बसल्यावर मार्करचा आकडा आणि याचा आकडा जुळलाच नाही, आणि दोघंही अडून बसले, तर सही करायची की नाही?

न्यायमंदिरचा वकील

मसुदा पाठवा. फी नाही. दांडियाबाजारकडे वसूल करीन.

दांडियाबाजार

आता तीन प्लेट झाल्या. मंजूर.

नियम वीस

त्याला सांगा, मित्राला काही होत नाही. जाणूनबुजून खोटा आकडा प्रमाणित केला तरच मार्करवर कारवाई होते. तो आपल्या पटची लाइन बघत होता, एवढंच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सही करायची नाही. हात वर करून समितीला बोलवायचं. समिती दोघांना, आणि गटातल्या तिसऱ्या मुलालाही, तो होल पहिल्या फटक्यापासून सांगायला लावते आणि काय झालं ते ठरवते. ठरेपर्यंत टेबलावरून उठायचं नाही, कार्ड हातातून सोडायचं नाही, मागे कितीही मोठी रांग असली तरी.